सी-एटीन

लांबी 25 सेंटिमीटर. आतली पोकळी 4.6 मिलिमीटर, साधी पेन्सिलसुद्धा शिरणार नाही. अंग स्टेनलेस स्टीलचं, दोन्ही टोकांना पिळून घट्ट केलेले नट, आणि पोटावर एक बाण, प्रवाह कोणत्या दिशेनं न्यायचा ते सांगणारा. बाणाशेजारी अनुक्रमांक. त्या क्रमांकाचं स्वतंत्र लॉगबुक असतं: कोणत्या तारखेला लावला, कोणतं औषध तपासलं, किती इंजेक्शनं झाली, प्रेशर किती होतं, शेवटी कशानं धुऊन ठेवला. नवा आला की त्याच्या खोक्यात चाचणीचा कागदही येतो, कारखान्यातून निघताना त्यानं काय करून दाखवलं होतं त्याचा. म्हातारपणी तोच कागद काढून त्याची आजची कामगिरी ताडून पाहायची असते.

एचपीएलसी नावाच्या यंत्राचा हा कॉलम म्हणजे गाभा. पंप, डिटेक्टर, संगणक ही मंडळी त्याच्या आगेमागे असतात. पाहुण्यांना दाखवायला तीच बरी पडतात, कारण ती मोठी आहेत आणि त्यांच्यावर दिवे लुकलुकतात. कॉलम आतल्या कप्प्यात असतो. दार लावलं की दिसतच नाही. पण गोळीत वेष्टनावर लिहिलंय तेवढं औषध खरोखर आहे का, आणि ती गोळी गिळलेल्या माणसाच्या रक्तात त्यातलं किती पोहोचलं, या दोन्ही प्रश्नांचा निकाल या नळीत लागतो. एचआयव्हीच्या उपचारांबद्दल बोलताना आपण डॉक्टरांबद्दल बोलतो, कार्यकर्त्यांबद्दल बोलतो, रुग्णांच्या धीराबद्दल बोलतो. ते बोललंच पाहिजे. माझं सगळं काम या नळीच्या आसपास झालं, म्हणून तिच्याबद्दल कुणीतरी नीट लिहावं असं मला फार दिवसांपासून वाटतं.

आत पांढरी पूड असते. सिलिकाचे 5 मायक्रॉनचे कण, सगळे जवळजवळ एका मापाचे, आणि प्रत्येक कण आतून सच्छिद्र. एक ग्रॅम पुडीतल्या छिद्रांच्या भिंती मोजल्या तर दोन-तीनशे चौरस मीटर भरतात. या भिंतींवर अठरा कार्बनच्या साखळ्या रासायनिक बंधानं रोवलेल्या असतात, म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्याला सी-एटीन म्हणतात. साखळ्या तेलकट वृत्तीच्या. पाण्याशी त्यांचं जमत नाही. तेलाकडे ओढा असलेला रेणू जवळून जाऊ लागला की त्या त्याला धरून ठेवतात.

कॉलमचा सगळा धंदा या अडवण्यावर चालतो. पाणी आणि ॲसिटोनायट्राइलचं मिश्रण, मिनिटाला एक मिलिलिटर या संथ गतीनं, पण दीडशे बारच्या आसपासच्या दाबाखाली त्याच्यातून ढकललं जातं. त्या प्रवाहात 20 मायक्रोलिटर नमुना सोडायचा. एचआयव्हीवरची तीन औषधं घ्या. लॅमिव्ह्यूडिन पाण्यात रमणारं. ते फारसं न थांबता पुढे निघतं आणि पहिल्या काही मिनिटांतच बाहेर पडतं. नेव्हिरॅपिन थोडं रेंगाळतं. इफाव्हिरेन्झला साखळ्या सोडवतच नाहीत; ते सगळ्यांच्या शेवटी येतं. बाहेर पडताच डिटेक्टरमधला अतिनील किरण त्याला गाठतो (इफाव्हिरेन्झसाठी बहुतेक वेळा 247 नॅनोमीटरचा) आणि पडद्यावरच्या सरळ रेषेत एक सुळका उभा राहतो. सुळक्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे औषधाचं प्रमाण. कॉलमला कुठल्याच रेणूचं नाव ठाऊक नसतं, त्याला फक्त ओढ समजते. पण त्या ओढीत तो इतका नेमका असतो की आज आठव्या मिनिटाला सोडलेलं औषध, सगळं तसंच ठेवलं तर, उद्याही आठव्या मिनिटालाच सोडतो.

सगळं तसंच ठेवणं हेच मोठं काम आहे. त्याचा स्वभाव हळवा. मोबाइल फेज, म्हणजे आतून ढकललं जाणारं ते मिश्रण, फार आम्लधर्मी झाला तर साखळ्या तुटून वाहून जातात, फार अल्कधर्मी झाला तर खालचा सिलिकाच विरघळू लागतो. दोन ते आठ पीएच एवढ्याच पट्ट्यात तो सुखानं राहतो. फॉस्फेट बफरवर काम झाल्यावर थेट शुद्ध ॲसिटोनायट्राइल सोडलं तर क्षार आतल्या आत खडे होऊन बसतात आणि प्रेशर चढत जातं. म्हणून आधी भरपूर पाणी असलेल्या मिश्रणानं धुवायचं, मग हळूहळू सॉल्व्हंट वाढवत न्यायचं. सकाळी आल्यावर मोबाइल फेज 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून ओढायचा, सोनिकेटरमध्ये ठेवून हवा काढायची, पंपात बुडबुडा राहिला असेल तर पर्ज करायचा. मग कॉलमला नव्या मिश्रणाची सवय होईपर्यंत थांबायचं. 'सॅच्युरेट होतोय' असं आम्ही म्हणतो. बेसलाइन, म्हणजे पडद्यावरची रेष, आडवी झाल्याशिवाय नमुन्याला हात लावायचा नाही. आधी ब्लँक, म्हणजे औषधाविना, मग प्रमाण ठाऊक असलेल्या एकाच स्टँडर्डची सहा इंजेक्शनं, आणि त्या सहा उत्तरांतली तफावत दोन टक्क्यांच्या आत आली तरच पुढची वाट मोकळी. नवी मुलं या थांबण्याला कंटाळतात. त्यांना मी एवढंच सांगते की ज्याचं रक्त आपण उघडणार आहोत तो माणूस याहून कितीतरी जास्त थांबलेला असतो.

कॉलमचं घराणं जुनं आहे. 1903 साली वॉर्सात मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञानं काचेच्या नळीत खडूची पूड भरून पानांचा अर्क ओतला आणि हिरवा रंग म्हणजे एक रंग नसून वेगवेगळ्या रंगांचे पट्टे आहेत हे दाखवलं. पुढे मार्टिन आणि सिंज या दोघा ब्रिटिशांनी विभागणीचं शास्त्र नीट मांडलं आणि 1952 चं नोबेल मिळवलं. 1960 च्या दशकात बारीक कण आणि मोठा दाब आला. म्हणजे एड्सचे पहिले रुग्ण 1981 मध्ये नोंदले गेले तेव्हा सी-एटीन तयार होऊन उभा होता. विषाणूचं नाव ठरायच्या आधीपासून.

पहिलं औषध आलं 19 मार्च 1987 ला: झिडोव्ह्यूडिन, सगळे एझेडटी म्हणतात ते. रक्तात पाहिलं तर एका तासात निम्मं संपलेलं. त्या हिशेबानं दर चार तासांनी गोळी ठरली, रात्रीसुद्धा. माणसं खिशात गजराच्या डब्या घेऊन फिरत. रात्रीच्या वेळी घराघरात त्या वाजत. मात्र विषाणूशी झुंजणारं रूप रक्तद्रवात नसतंच. ते पेशीच्या आत, तीन फॉस्फेट जोडल्यावर तयार होतं आणि तिथे जास्त टिकतं. पेशी फोडून आतलं मोजायला लागल्यावर आणि कमी मात्रेच्या चाचण्या झाल्यावर दिवसातून दोन गोळ्या पुरतात हे ठरलं. कॉलमनं पहिल्यांदाही खोटं सांगितलं नव्हतं. त्याला रक्तद्रव दिला, त्यानं रक्तद्रवाचं उत्तर दिलं. नमुना कुठून घ्यायचा ही अक्कल माणसाची.

भारतात हे औषध 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला सिप्लानं आणलं. त्याची कृती बसवून दिली डॉ. ए. व्ही. रामाराव यांनी, आणि रामारावांची उमेदीची वर्षं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गेली होती. 2001 मध्ये सिप्लाच्याच युसूफ हमीद यांनी मुंबईतून तीन औषधांचा वर्षाचा उपचार 350 डॉलरला देऊ केला. तेव्हा पाश्चात्त्य देशांत तोच दहा हजार डॉलरच्या वर जात होता. साऱ्या जगानं किमतीची बातमी वाचली. मला त्या बातमीमागच्या दुसऱ्या प्रश्नात जास्त रस आहे: एवढी स्वस्त गोळी मूळ गोळीइतकीच चांगली कशावरून? त्याचं उत्तर भाषणात देता येत नाही. निरोगी स्वयंसेवकांना एकदा मूळ आणि एकदा नवी गोळी द्यायची, ठरलेल्या तासांना रक्त घ्यायचं, प्रत्येक नळी कॉलमवर चढवायची आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवायचे. गुणोत्तराची विश्वासमर्यादा 80 ते 125 टक्क्यांच्या आत बसली तर गोळ्या समान. 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं काही भारतीय एचआयव्ही औषधं आपल्या यादीतून तात्पुरती काढली, ती याच चाचण्यांच्या नोंदींत त्रुटी सापडल्या म्हणून. गोळी वाईट असल्याचं कुणी सिद्ध केलं नव्हतं, ती चांगली असल्याचा कागद भरवशाचा उरला नव्हता. आफ्रिकेतल्या एखाद्या दवाखान्यात त्या आठवड्यात काय चाललं असेल याचा विचार केला की कॉलमच्या लॉगबुकात तारीख नीट न लिहिणाऱ्याचा मला राग येतो, आणि तो राग योग्यच आहे असं मी मानते.

त्याच वर्षी, 1 एप्रिल 2004 पासून, आपल्या सरकारनं मोफत उपचार सुरू केले. मुंबईत जे. जे. रुग्णालयात लोक रांगेत उभे राहिले. आणि लगेच आपला खास भारतीय प्रश्न पुढे आला: एचआयव्ही असलेल्या कितीतरी जणांना क्षयही होता. क्षयाचं मुख्य औषध रिफाम्पिसिन यकृताला असं कामाला लावतं की ते इतर औषधं झपाट्यानं मोडू लागतं. मग नेव्हिरॅपिनचं काय होतं? पाश्चात्त्य पुस्तकांत याचं उत्तर होतं, पण ते पाश्चात्त्य शरीरांचं.

चेन्नईच्या क्षयरोग संशोधन केंद्रात (आजची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था) डॉ. गीता रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न कॉलमपुढे ठेवला. हे काम कसं होतं ते जवळून सांगायला हवं. रक्त फिरवून पेशी खाली बसवायच्या, वरचा पिवळसर द्रव घ्यायचा. तो तसाच कॉलममध्ये गेला तर प्रथिनं आत अडकून कॉलम कायमचा बुजेल. म्हणून प्रथिनं आधी काढायची. एक साधा मार्ग म्हणजे त्यात ॲसिटोनायट्राइल घालणं. थेंब पडताक्षणी दूध नासावं तसा साका धरतो. मग पुन्हा फिरवायचं. तळाशी पांढरा गोळा, वर नितळ पाणी. त्या नितळात आपलं औषध असतं. काळजीनं वरचं उचलून काचेच्या चिमुकल्या कुपीत भरायचं, कुपीवर फक्त क्रमांक. माणसाचं नाव इथपर्यंत येत नाही आणि येऊही नये. पुढची दहा-पंधरा मिनिटं कॉलमची.

2006 साली या गटानं प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षात दिसलं की रिफाम्पिसिन चालू असताना नेव्हिरॅपिनची पातळी खाली जाते आणि मात्रा दिवसातून दोनदा 200 ऐवजी 300 मिलिग्रॅम केली तर ती सावरते. तीन मिलिग्रॅम प्रतिलिटर ही तळरेषा. तिच्याखाली गेलात तर विषाणूला औषध ओळखून वाट काढायला सवड मिळते. इफाव्हिरेन्झच्या बाबतीत त्यांना वेगळंच आढळलं. 2009 च्या त्यांच्या शोधनिबंधात रिफाम्पिसिनपेक्षा रुग्णाचा एक जनुकच जास्त बोलतो: सीवायपी-2बी6 या यकृतातल्या विकराचा, 516 व्या जागी बदल असलेला. ज्याला आईवडील दोघांकडूनही तो बदल मिळाला त्याच्या रक्तात औषध साचत राहतं. अमेरिकेत रिफाम्पिसिनबरोबर इफाव्हिरेन्झ द्यायचं तर वजनानं जास्त असलेल्यांना 600 ऐवजी 800 मिलिग्रॅम द्यावं असा सल्ला होता. दक्षिण भारतातल्या रुग्णांच्या रक्तानं सांगितलं की इथे तशी गरज नाही.

इफाव्हिरेन्झ घेणाऱ्यांच्या तक्रारी आठवा: डोकं गरगरणं, रात्रभर जिवंत वाटावीत अशी स्वप्नं, सकाळी उठल्यावर जमिनीवर पाय ठरत नाहीत. किती जणांना 'मनाचे खेळ आहेत' असं ऐकावं लागलं असेल. एक ते चार मिलिग्रॅम प्रतिलिटर हा या औषधाचा पट्टा; चारच्या वर गेलं की मज्जासंस्थेवरचे हे परिणाम वाढतात. अशा एखाद्या रुग्णाच्या रक्ताचा सुळका पडद्यावर उंच उंच जाताना पाहिला की त्याचं स्वप्न मनाचं नव्हतं हे आकड्यात लिहून देता येतं. 2014 मध्ये एन्कोअर-वन या चाचणीनं 400 मिलिग्रॅमही 600 इतकंच काम करतं हे दाखवलं. म्हणजे कितीएक वर्षं कितीएक माणसं गरजेपेक्षा जास्त गोळी पचवत होती. मोजणं वेळेवर व्हावं म्हणून मी हट्ट धरते तो यासाठी.

कॉलमच्या साऱ्या कारकिर्दीत मला सगळ्यात अस्वस्थ करणारा प्रसंग मात्र आफ्रिकेतला आहे. 2009 मध्ये दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे इथे 'व्हॉइस' नावाची चाचणी सुरू झाली. 5,029 स्त्रिया. एचआयव्ही नसलेल्या, पण होण्याचा धोका मोठा. रोज टेनोफोव्हिरची किंवा टेनोफोव्हिर-एमट्रिसिटाबिनची गोळी, किंवा टेनोफोव्हिरचं जेल, किंवा औषध नसलेली तशीच दिसणारी वस्तू. संसर्ग टळतो का, एवढंच पाहायचं होतं. दर भेटीला विचारलं जाई, गोळ्या घेता ना? परत आणलेल्या गोळ्या मोजल्या जात. बोलण्यावरून आणि मोजणीवरून दहातल्या नऊ गोळ्या घेतल्या जात होत्या. तरीही संसर्ग टळला नाही. औषध निकामी आहे, असाच निष्कर्ष निघाला असता.

साठवलेलं रक्त मग कॉलमवर आलं, मागे मास स्पेक्ट्रोमीटर जोडून. ज्यांना औषध दिलं होतं त्यांच्या नमुन्यांपैकी जेमतेम 25 ते 30 टक्क्यांत औषध सापडलं. बाकीच्यांत पडद्यावर आडवी रेष. आधीच्या 'आयप्रेक्स' चाचणीत पुरुषांमध्ये आणि ट्रान्सजेंडर स्त्रियांमध्ये हेच गणित उलट बाजूनं दिसलं होतं: सरसकट पाहिलं तर संसर्ग 44 टक्क्यांनी घटला, पण ज्यांच्या रक्तात औषध सापडलं त्यांच्यात धोका 92 टक्क्यांनी कमी. दोन्ही आकडे एकत्र ठेवले की औषध निर्दोष सुटतं. एका नळीतल्या आडव्या रेषेनं एक चांगलं औषध अडगळीत जाण्यापासून वाचवलं.

पण व्हॉइसमधल्या त्या स्त्रियांचं काय? आकडे आले तेव्हा 'खोटं बोलल्या' हा शब्द सहज तोंडी आला असता. संशोधकांनी पुढचा अभ्यास केला, व्हॉइस-डी, आणि त्यात त्यांच्यापैकी काहींना त्यांच्याच रक्ताचे निकाल दाखवून शांतपणे विचारलं. तेव्हा त्या बोलल्या. हीच गोळी एचआयव्हीच्या रुग्णांना देतात. घरात कुणी डबी पाहिली तर मलाच रोग आहे असं समजतील. नवऱ्याला काय सांगू? शेजारीण म्हणाली की यानं पोट बिघडतं. मी धडधाकट आहे, रोज औषध कशाला? यातलं कुठलं वाक्य आपल्याकडच्या बाईच्या तोंडी शोभणार नाही? औषध घेतलं नाही असं सांगितलं तर चाचणीतून काढतील, तिथे होणारी तपासणी आणि मिळणारी माया जाईल, हीही भीती. कॉलमनं 'किती' एवढंच सांगितलं होतं. 'का' विचारायला कुणीतरी खुर्ची ओढून समोर बसावं लागलं. आणि बसल्यावर तो आकडाच बोलणं सोपं करून गेला, कारण आता लपवायचं काही उरलं नव्हतं आणि विचारणारा रागावलेला नव्हता. मला या यंत्राचा याहून चांगला उपयोग ठाऊक नाही. रक्ताचा निकाल रुग्णाला दरडावायला वापरणारा डॉक्टर पुढच्या वेळी रक्तसुद्धा गमावतो.

कॉलमला न दिसणाऱ्या गोष्टीही आहेत, आणि त्या सांगितल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. 1998 मध्ये ॲबट कंपनीच्या रिटोनाव्हिर या एचआयव्हीवरच्या औषधाच्या कॅप्सूल विरघळेनाशा झाल्या. रेणू तोच, शुद्धता तीच. कॉलमवर निकाल स्वच्छ. घडलं असं होतं की त्याच रेणूंनी स्फटिकात रचून बसण्याची एक नवी, अधिक घट्ट रीत शोधली होती, आणि ती रचना पाण्यात कमी विरघळत होती. कॉलमवर चढवण्याआधी औषध विरघळवावंच लागतं. विरघळलं की स्फटिक संपला, त्याबरोबर त्याचं गुपितही संपलं. ते क्ष-किरणांनी उलगडलं. कॅप्सूल बाजारातून गेल्या, रुग्णांना बराच काळ अत्यंत बेचव द्रावण प्यावं लागलं.

2007 मध्ये नेल्फिनाव्हिर या दुसऱ्या एचआयव्ही औषधाच्या बाबतीत वेगळं झालं. युरोपातल्या रुग्णांनी तक्रार केली की गोळ्यांना वास येतो. त्या वासामागून एक घातक अशुद्धी सापडली: इथाइल मेसिलेट, जनुकांना इजा करणारी. टाकी इथेनॉलनं धुतली होती, नीट वाळवली नव्हती, आत मिथेनसल्फॉनिक आम्ल. रोश कंपनीनं जूनमध्ये युरोपातला सगळा माल परत घेतला. नेहमीच्या तपासणीत ही अशुद्धी शोधतच नव्हते. जे शोधायचं ठरवलं नाही त्यासाठी कॉलम थांबत नाही. तिथे रुग्णाचं नाक पुढे होतं, आणि कुणीतरी त्या रुग्णाचं म्हणणं ऐकून घेतलं.

आज आपल्या एआरटी केंद्रांत, म्हणजे एचआयव्हीचे मोफत उपचार मिळतात तिथे, बहुतेकांना मिळते ती टीएलडी: टेनोफोव्हिर 300, लॅमिव्ह्यूडिन 300, डोल्युटेग्राव्हिर 50 मिलिग्रॅम, दिवसाला एक गोळी. टेनोफोव्हिर गोळीत असतं तेव्हा त्यावर दोन तेलकट शेपट्या जोडलेल्या असतात, आतड्यातून आत शिरता यावं म्हणून. शरीरात गेलं की त्या झडतात. त्यामुळे गोळी तपासणाऱ्या कॉलमला भेटणारा रेणू वेगळा आणि रक्त तपासणाऱ्याला भेटणारा वेगळा. या शेपट्यांना दमटपणा सोसत नाही. ओल लागली की त्या डबीतच सुटू लागतात. म्हणून डबीत ओल शोषणारी पुडी असते, आत सिलिकाचे खडे. कोकणातल्या जुलैत त्या पुडीचं मोल कळतं. डबी उघडल्यावर ती फेकून देणाऱ्या माणसाला कुणीतरी सांगायला हवं की ती आतच राहू द्या.

डोल्युटेग्राव्हिरही रिफाम्पिसिनमुळे झपाट्यानं मोडतं. म्हणून क्षयाचा उपचार चालू असताना 12 तासांनी 50 मिलिग्रॅमची आणखी एक गोळी घ्यावी लागते. ही जादा गोळी विसरली जाते. आपल्या कार्यक्रमात सीडी-फोर पेशी मोजतात, व्हायरल लोड म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण मोजतात; औषधाची रक्तातली पातळी नेहमीच्या तपासणीत नाही. व्हायरल लोड वाढलेला दिसला की दोन शक्यता असतात: विषाणू औषधाला पुरून उरलाय किंवा औषध पोटात गेलेलंच नाही. दोन्हींचे उपाय एकमेकांच्या अगदी उलटे. पहिल्यात औषध बदलायचं, दुसऱ्यात माणसाची अडचण सोडवायची. रक्ताचा एक थेंब हे वेगळं करून दाखवू शकतो. कोलोरॅडो विद्यापीठातल्या पीटर अँडरसन यांच्या गटानं दाखवलंय की तांबड्या पेशींत साठणारं टेनोफोव्हिरचं रूप निम्मं व्हायला सुमारे 17 दिवस लागतात. कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या डागातून गेल्या काही आठवड्यांचा हिशेब वाचता येतो. बर्फ नको, मोठी नळी नको. गडचिरोलीहून टपालानं येऊ शकेल असा नमुना. दुसऱ्या फळीचं औषध सुरू करण्याआधी एवढी एक तपासणी व्हावी, असं माझं ठाम मत आहे.

अर्थात प्रत्येक तालुक्याला हा कॉलम आणि त्याच्या मागचं यंत्र पोहोचणार नाही. त्याला अखंड वीज हवी, शुद्ध सॉल्व्हंट हवं, आणि त्याचा स्वभाव ओळखणारा माणूस हवा. 2008-09 मध्ये जगभर ॲसिटोनायट्राइलचा तुटवडा पडला होता, कारण ते प्लास्टिकच्या एका कच्च्या मालाचं उपउत्पादन आहे आणि मंदीत त्या मालाचीच मागणी घटली. तेव्हा चांगल्या चांगल्या प्रयोगशाळांचे कॉलम रिकामे बसले होते.

स्वतः कॉलमही कायमचा नसतो. शेकडो इंजेक्शनं झाल्यावर साखळ्या विरळ होतात, मधला सिलिका उघडा पडतो, आणि सुळक्यांना मागे शेपूट फुटतं. टेलिंग म्हणतो आम्ही. दोन औषधं एकमेकांत मिसळून येऊ लागतात. मग लॉगबुकात लाल शाईनं शेवटची नोंद होते आणि त्याच्या जागी नवा लागतो, हल्ली बऱ्याचदा आखूड, दोन मायक्रॉनहूनही बारीक कणांचा, तेच काम दोन-तीन मिनिटांत उरकणारा.

आता टेनोफोव्हिर लघवीत शोधणारी एक पट्टी आली आहे. कॅलिफोर्नियातल्या मोनिका गांधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर बरंच काम केलं. गर्भचाचणीच्या पट्टीप्रमाणे तिच्यावर रेष उमटते, काही मिनिटांत, रुग्ण समोर बसलेला असतानाच. तिच्या प्रत्येक उत्तराची परीक्षा आधी कॉलमवर झाली. कॉलमशी उत्तर जुळलं तेव्हा तिला दवाखान्यात पाऊल टाकता आलं. एआरटी केंद्रातल्या समुपदेशक ताईंच्या टेबलावर ती पट्टी यावी. तिथे ती 'का' विचारणाऱ्या माणसाच्या हातात असेल. आणि पट्टीवरची रेष पुसट आली, हो म्हणावं की नाही कळेना, तर ताईंनी तो नमुना आमच्याकडे पाठवावा. आम्ही कॉलम सॅच्युरेट करायला ठेवतो.